सासऱ्यांची वाचा गेली आणि हॉस्पिटल घरी सोडतंय: आता पुढे काय?

प्रश्न जपानमधल्या सायतामामध्ये राहणाऱ्या एका मराठी सुनेचा आहे. सासरे जपानी, वय 77. अडीच महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला. उजवा हात अजून लुळा आहे आणि वाचा जवळजवळ गेली आहे. पुढच्या महिन्यात रिहॅबिलिटेशन हॉस्पिटल घरी सोडणार. नवऱ्याने हिरागानाचा, म्हणजे जपानी मुळाक्षरांचा तक्ता आणून दिला, तर सासऱ्यांनी तो भिरकावला. काहीही विचारलं तरी 'हाइ', म्हणजे 'हो', म्हणतात. सासूबाई दर वाक्याला "नीट म्हणा, पुन्हा म्हणा" करतात. गिळायला सोपं जावं म्हणून पाण्यात घट्ट करायची पावडर घालायला सांगितली आहे. कोणीतरी म्हणालं की 180 दिवसांनी सगळे उपचार बंद होतात. शेवटची ओळ होती: "माझं जपानी बेताचंच आहे, त्यामुळे मी गप्पच बसते. डोक्यावर परिणाम झालाय का त्यांच्या?"

आधी माझ्याबद्दल. मी पुण्यात जपानी शिकले, लग्नानंतर इथे आले. तीन वर्षांचा अभ्यासक्रम करून राष्ट्रीय परीक्षा दिली आणि 'गेंगो चोकाकुशी' झाले, म्हणजे बोलणं, भाषा, ऐकणं आणि गिळणं या चारही गोष्टींवर काम करणारी. इथे आम्हाला सगळे 'एसटी' म्हणतात, स्पीच थेरपिस्टचं लघुरूप. पहिल्या दिवशी "एसटी आली" ऐकलं तेव्हा डोळ्यांसमोर स्वारगेटचा लाल डबाच आला. नऊ वर्षं हॉस्पिटलात काढली, आता घरोघरी जाते.

तुमच्या सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. इजा नेमकी कुठे आणि किती, ऐकलेलं किती समजतं, आधी चष्मा-श्रवणयंत्र होतं का, स्वभाव कसा होता, यावर बरंच अवलंबून आहे. तेव्हा तिथल्या एसटीचं म्हणणं माझ्यापेक्षा वरचं धरा. पण तुमच्या वर्णनावरून हा वाचाघात वाटतो, जपानीत 'शित्सुगोशो'. यात डोक्यातला माणूस जागेवर असतो, शब्दांपर्यंत जायची वाट तुटलेली असते. सून कोण, नातवंडं कोण, आज वार कोणता, हे त्यांना बहुधा ठाऊक आहे. स्मृतिभ्रंशाची शंका घरोघरी येते, कारण प्रश्नांची उत्तरं चुकतात. पण उत्तर चुकलं म्हणजे माहिती गेली असं नसतं.

तुम्ही उपचारांच्या दिवसांबद्दल विचारलंय. माझ्या मते खरा प्रश्न निराळा आहे. रिकव्हरी वॉर्डमध्ये हात, पाय, रोजची कामं आणि बोलणं मिळून दिवसाला वीस-वीस मिनिटांचे जास्तीत जास्त नऊ भाग मिळतात, म्हणजे तीन तास. त्यातला तासभर एसटीचा धरला तर आठवड्याला सात तास. घरी आल्यावर आठवड्यातून एकदा 40 मिनिटं मिळाली तरी बरं, अशी बऱ्याच भागांतली स्थिती आहे. उरलेल्या वेळात त्यांच्याशी कोण बोलणार आणि कसं, यावर पुढची वर्षं ठरतात. घरातल्या तिघांपैकी हे काम सगळ्यात चांगलं कोण करेल याचा मला अंदाज आहे. पण आधी तक्ता.

तो तक्ता मीही दिला होता. नवीन असताना, एका निवृत्त सुतारांना. माझा विचार तुमच्या नवऱ्यासारखाच: बोलता येत नाही ना, मग अक्षरांवर बोट ठेवा. त्यांनी तक्ता माझ्या अंगावर फेकला आणि दोन दिवस तोंड फिरवून बसले. माझ्या वरिष्ठ बाईंनी मग शांतपणे सांगितलं की हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं. अक्षरांचा तक्ता कोणाला चालतो? ज्याच्या डोक्यात शब्द तयार आहे, फक्त जीभ-ओठ हलत नाहीत, त्याला. वाचाघातात शब्दच सापडत नाही. सापडला तरी त्याचे आवाज सुटे करून क्रमाने लावायचे आणि प्रत्येक आवाजासाठी पन्नासेक अक्षरांतून एक निवडायचं, हे तर त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड काम. चांगल्या हेतूने आपण रोज त्यांना त्याच परीक्षेत नापास करतो. ते चिडणारच.

जपानी लिपीत मात्र एक सोय आहे जी आपल्या देवनागरीत नाही. काना अक्षरं (हिरागाना त्यातलीच) आवाज दाखवतात, कांजी अर्थ दाखवते. वाचाघात झालेल्या अनेक जपानी माणसांना काना लागत नाही, पण कांजी पाहिली की अर्थ उमगतो. 'कुसुरी' हे औषध तीन हिरागाना अक्षरांत लिहून दाखवा, ते कोरे पाहतील. तोच शब्द कांजीत लिहा, डोक्यावर गवताची खूण असलेली ती आकृती पाहून हात गोळ्यांच्या डबीकडे जाईल. मोठ्याने वाचता येईलच असं नाही, पण समजेल. सगळ्यांचं असं होत नाही, काहींचं उलटंही असतं. म्हणून तिथल्या एसटीला थेट विचारा: "यांना कांजी जास्त लागते की काना?" त्यांनी बहुधा इथली प्रमाणित वाचाघात चाचणी घेतलेली असेल. तिच्या 26 उपचाचण्यांत दोन्ही लिप्या वेगवेगळ्या तपासतात, त्यामुळे उत्तर कागदावर तयार असतं. घरच्यांना ते कोणी सांगत नाही, कारण घरचे विचारत नाहीत.

त्या सुतारांची गोष्ट पुढे अशी. एक दिवस ते डाव्या हाताच्या बोटाने हवेत काहीतरी गिरवत होते. इथे बहुतेकांना ही सवय असते. शब्द आठवेना की हवेत किंवा तळहातावर कांजी गिरवून बघतात. मी कागद पुढे केला. त्यांनी झाडाची खूण काढली, शेजारी पुन्हा तीच. दोन झाडं, म्हणजे राई. मी लाकूड विचारलं, जंगल विचारलं, डोंगर विचारला. मान नकारार्थी. तेवढ्यात बायको आत आली, कागद पाहिला आणि एक आडनाव म्हणाली. दोन झाडांचं ते इथलं अगदी साधं आडनाव, त्यांच्या जुन्या शागिर्दाचं. त्याला फोन करायचा होता. ते जे हसले, ते मी अजून विसरलेले नाही. उजवा हात लुळा असला तरी डाव्याने अशी अर्धवट, वाकडी कांजी निघू शकते. जाड पेन आणि कोऱ्या कागदांची वही त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवा.

आता 'हाइ'. यात दोन गुंते आहेत. एक, वाचाघातात 'हो' आणि 'नाही' यांचीही अदलाबदल होते, किंवा समोरच्याचं नीट समजलं नाही की माणूस सवयीने 'हो' म्हणून सुटका करून घेतो. दोन, नम्र जपानीत प्रश्न अनेकदा नकारात्मक असतो. "खाणार नाही का?" ला 'हाइ' म्हटलं तर ते आग्रहाला दिलेलं 'हो' असू शकतं, किंवा 'बरोबर, खाणार नाही' असंही. "नाही ना दुखत?" "हो." मराठीतही आपण अशी फसगत करून घेतो. म्हणून प्रश्न सरळ आणि होकारार्थी विचारा, एका वेळी एक. आणि त्यांचं 'हो' किती भरवशाचं आहे ते एकदा तपासा: "हे ओसाका आहे का?" असं सहज विचारा. त्यालाही 'हाइ' आलं तर तूर्त त्यांच्या 'हो'वर औषधपाणी ठरवू नका. त्याऐवजी दोन गोष्टी समोर ठेवा, चहा आणि पाणी, किंवा दोन कांजी लिहा आणि बोट दाखवायला सांगा. सुपरमार्केटची चिराशी, म्हणजे ती रंगीत फोटोंची जाहिरातपत्रकं, टाकून देऊ नका. माझ्या पिशवीत ती कायम असतात. वर्तमानपत्रातलं टीव्हीचं पान, भिंतीवरचं कॅलेंडर, सायतामाचा नकाशा, घरच्यांचे फोटो हेही तसेच कामाचे.

सासूबाईंबद्दल जरा जपून लिहिते. सासऱ्यांचा जन्म 1948 च्या आसपासचा, म्हणजे 'दांकाइ' पिढी, युद्धानंतर एकदम जन्मलेली. सकाळी ऑफिस, रात्री उशिरा घरी. या पिढीतल्या नवऱ्यांची इथे थट्टा असते की बायकोशी ते तीनच शब्द बोलतात: 'मेशि, फुरो, नेरु', जेवण, आंघोळ, झोप. पन्नास वर्षं न सांगता ओळखायची सवय असलेल्या बाईला आता सांगितलेलंही कळेनासं झालंय. ती घाबरली आहे, म्हणून शिक्षिका झाली आहे. त्यांना एवढंच सांगून पाहा: काय हवंय हे आपल्याला कळलं असेल तर ते पुन्हा म्हणायला लावायचं नाही. पाणी हवंय हे कळलं, पाणी द्या, आणि देताना आपण 'मिझु' म्हणा. एवढं पुरे. शब्द अडला तर पाच-सात सेकंद गप्प थांबा. मग हवं तर पहिला आवाज सुचवा, 'मि...'. कित्येकदा बाकीचा आपोआप येतो. नाही आला तर सोडून द्या. सराव करायचाच असेल तर त्याची वेळ निराळी ठेवा, जेवणाच्या ताटावर नको.

जेवणाआधी मात्र सगळ्यांनी मिळून 'इतादाकिमासु' म्हणा. पाठ झालेले शब्द, म्हणजे अभिवादन, एक-दोन-तीन, शाळेतली गाणी, बऱ्याचदा शाबूत असतात. जो माणूस 'चहा' म्हणू शकत नाही तो सकाळचं पूर्ण 'ओहायो गोझाइमासु' म्हणून जातो. फक्त त्यावरून "बघा, येतं की! मुद्दाम बोलत नाहीत" असा निष्कर्ष काढू नका. हे शब्द वेगळ्या वाटेने येतात.

दुसरी एक गोष्ट मी प्रत्येक घरी आधी पाहते: कान. सत्त्याहत्तराव्या वर्षी ऐकू कमी येणं अगदी नेहमीचं, आणि झटक्याच्या गडबडीत ते कोणी विचारत नाही. कानात मळ घट्ट बसलाय आणि घरचे 'समज कमी झाली' म्हणतायत, असे किती जण पाहिले. एकदा कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. श्रवणयंत्रासाठी आरोग्यविम्याचे पैसे मिळत नाहीत. अपंगत्वाच्या वहीवर, म्हणजे सरकारी प्रमाणपत्रावर, अनुदान मिळतं, पण त्यासाठी साधारण दोन्ही कानांची पातळी 70 डेसिबलच्या पुढे गेलेली लागते. त्याखालच्या वृद्धांना काही नगरपालिका स्वतःहून मदत देतात, तुमच्या सिटी ऑफिसात चौकशी करा. आणि यंत्र घेण्याआधी टीव्ही बंद करून, समोर बसून बोलून पाहा. फुकट आहे.

गिळण्याबद्दल. घट्ट करायची पावडर किती हे अंदाजाने ठरवू नका. इथे पातळ, मध्यम, दाट अशा तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत. तुमची कोणती ते लिहून घ्या आणि चमच्याचं माप मागून घ्या. 'जास्त घट्ट म्हणजे जास्त सुरक्षित' हा गैरसमज आहे, फार दाट झालं की घशात चिकटून राहतं. पातळ आणि घन एकत्र असलेले पदार्थ सगळ्यात फसवे: वाकामे हे समुद्री शेवाळ घातलेलं मिसो सूप, आणि तुम्ही प्रेमाने कराल ती फोडणीत कढीपत्ता-मोहरी तरंगणारी आमटी. वरण गाळून, एकजीव करून, ठरलेल्या दाटपणाचं केलं तर तिथल्या एसटीला दाखवून विचारायला हरकत नाही. मी स्वतः दोन घरी असं वरण मंजूर केलंय. मऊ भाताची पेज, 'ओकायु', ही निर्धोक वाटते, पण सावकाश खाणाऱ्याच्या लाळेने ती ताटलीतच पाण्यासारखी होते. लाळेने ओला झालेला चमचा पुन्हा पुन्हा वाटीत घालू नका, थोडी थोडी वाढून घ्या. नववर्षाला मोचि, म्हणजे तांदळाचा तो चिकट गोळा, अजिबात नाही, सासरे कितीही रागावले तरी. आणि दात-जीभ घासणं रोज. या वयात तोंडातले जंतू फुप्फुसात उतरूनच बरेच न्यूमोनिया होतात. इथल्या वृद्धाश्रमांत झालेल्या अभ्यासात नुसत्या तोंडाच्या स्वच्छतेने न्यूमोनिया कमी झालेला दिसला आहे.

आता 180 दिवस. मेंदूच्या आजारांसाठी आरोग्यविम्यातल्या पुनर्वसनाला आजार सुरू झाल्याच्या दिवसापासून 180 दिवसांची मर्यादा आहे, ही 2006 ची सुधारणा. त्या वेळी तादा तोमिओ या नामवंत प्रतिकारशास्त्रज्ञांनी रान उठवलं होतं. 2001 मध्ये त्यांना स्वतःला झटका आला होता, बोलणं गेलं होतं, गिळणं अवघड झालं होतं. यंत्राच्या आवाजाने बोलणाऱ्या या माणसाच्या पुढाकाराने चार लाखांहून जास्त सह्या जमल्या. मर्यादा हटली नाही. पण नियमात अपवाद आहेत, आणि वाचाघात त्या यादीत आहे: सुधारणा होण्यासारखी आहे असं डॉक्टरांनी नोंदवलं तर 180 दिवसांनंतरही उपचार चालू शकतात. म्हणजे 'सगळं बंद' हे खरं नाही. खरी अडचण अशी की बाहेरून येणाऱ्या पेशंटसाठी एसटी असलेलं ठिकाण जवळ हवं. परवाना मिळालेले एसटी देशात चाळीस हजारांच्या वर, फिजिओथेरपिस्ट दोन लाखांच्या वर. त्यांचा कायदा 1965 चा, आमचा 1997 चा, आणि पहिली परीक्षा 1999 ला. तीस वर्षं उशिरा निघालेली गाडी, त्यातही आमचे बहुतेक जण हॉस्पिटलात. पासष्टीच्या पुढचे लोक 29 टक्के असलेल्या देशात हे गणित जमत नाही, आणि त्याची झळ तुमच्यासारख्या घरांना बसते.

म्हणून दीर्घकालीन काळजी-विमा, 'काइगो होकेन', याचा अर्ज हॉस्पिटलात असतानाच करा. निकालाला महिनाभर लागतो. काळजीच्या गरजेची पातळी ठरली की केअर मॅनेजर योजना आखतो, आणि इथे एक शब्द आग्रहाने उच्चारायचा: एसटी. नुसतं 'घरी रिहॅबिलिटेशन' म्हटलंत तर फिजिओथेरपिस्ट येईल, पाय सुधारतील, बोलणं तिथेच राहील. घरभेटीचे 20 मिनिटांचे आठवड्याला सहा भाग मिळतात, आणि घरी सोडल्यानंतरच्या तीन महिन्यांत बारापर्यंत. बहुतेकांना हे माहीत नसतं आणि ते तीन महिने अर्ज-विनंत्यांत जातात. डे-केअर निवडताना तिथे एसटी आठवड्यातून किती दिवस असतो ते विचारा. आरोग्यविमा आणि काळजी-विमा या दोन्हींतून एकाच आजाराचं पुनर्वसन एकत्र घेण्यावर बंधनं आहेत. तुमच्या बाबतीत कोणतं आधी, हे हॉस्पिटलच्या समाजसेविकेकडून लिहून घ्या. घाईने सही करू नका. शिवाय वाचाघातावर तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीची अपंगत्वाची वही मिळू शकते. त्यासाठी बहुधा सहा महिने थांबायला सांगतात. वाचाघात झालेल्यांशी संवाद साधणारे मदतनीस तयार करायचं काम प्रांतांनी 2018 पासून सुरू केलंय. ते घरी किंवा डॉक्टरकडे सोबत येतात का, हे गावागावावर आहे.

किती सुधारणा होईल? तीन महिन्यांत जेवढं आलं तेवढंच, असं समजू नका. चालणं लवकर स्थिरावतं, भाषा मात्र वर्षानुवर्षं थोडी थोडी येत राहते. पूर्वीसारखं होईल का, याचं उत्तर मी कोणालाच देत नाही.

आणि आता तुम्ही. "माझं जपानी बेताचं, म्हणून गप्प बसते" हे वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तुमचा नवरा आणि सासूबाई भरभर, अर्धवट, आदरार्थी वळणं घेत बोलतात, कारण त्यांना तसंच येतं. तुम्ही मात्र छोटी वाक्यं बोलता. एका वाक्यात एकच गोष्ट सांगता. शब्द अडला की हातवारे करता, फोनवर चित्र दाखवता, कांजी लिहून "हीच ना?" विचारता. समोरचं कळलं नाही तर "नाही कळलं" म्हणायला लाजत नाही, लाजून चालतच नाही. मी नवीन मदतनिसांना जे शिकवते ते परक्या भाषेत संसार करून तुम्ही आधीच शिकून बसला आहात. शब्द सापडत नसताना चारचौघांत बसणं काय असतं हे त्या घरात फक्त दोघांना माहीत आहे, तुम्हाला आणि त्यांना.

माझी स्वतःची सुरुवात अशीच झाली. पेशंट म्हणायचे, तुमचं जपानी सोपं आहे, कळतं. सहकाऱ्यांना तो विनोद वाटायचा. फक्त दोन पथ्यं पाळा: लहान मुलाशी बोलावं तसं बोलू नका, ते 'ओतोसान', म्हणजे बाबाच आहेत, आणि सोपं व्हावं म्हणून मध्येच इंग्रजी घुसवू नका, ते त्यांना परकंच.

डिस्चार्जच्या आधी एसटीला सांगून एका सत्राला तिघं बसा, मागे खुर्च्या टाकून. एसटी काय सांगतात त्यापेक्षा ते किती वेळ गप्प थांबतात ते घड्याळ लावून बघा. सासूबाईंना ते दिसलं तर माझं वरचं निम्मं लिहिणं वाचायची गरज उरणार नाही. आणि तो हिरागानाचा तक्ता फेकू नका, कपाटात वर ठेवून द्या. वर्षा-दीड वर्षाने त्यांचं त्यांनाच काना सापडायला लागलं तर तेव्हा लागेल.